ॲग्री, बायोटेक की फूड टेक? बारावीनंतरचा प्रवेश, सातबाऱ्यापासून रावेपर्यंत

आमच्या घरातून कृषी विद्यापीठाचे दोन फॉर्म भरले गेले. पहिला माझा, दुसरा चार वर्षांनी धाकट्या भावाचा. माझ्या वेळी घरात रडारड झाली. निम्मे कागद नव्हते, पसंतिक्रम गावातल्या एका दादाने सांगितला तसा भरला, आणि पहिल्या फेरीत बीएस्सी ॲग्री लागलं तेव्हा या चार वर्षांत करायचं काय असतं हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. दुसऱ्या फेरीत नशिबाने बी.टेक. फूड टेक्नॉलॉजीला सरकले. भावाचा फॉर्म मात्र मी एका बैठकीत भरला, कारण तोवर कुठे कुठे ठेच लागते ते माहीत झालं होतं.

त्या ठेचा तुम्हाला लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे. महाराष्ट्रात बारावी सायन्स करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. चौथा टप्पा पालकांनीही वाचावा, त्यातली धावपळ त्यांनाच करायची आहे.

१. कोणतं विद्यापीठ काय शिकवतं, ते आधी नकाशावर बघा

राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ (१९६८), अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (१९६९), परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ (दोन्ही १९७२). पुणे आणि नागपूर इथली शंभरी पार केलेली कृषी महाविद्यालयं अनुक्रमे राहुरी आणि अकोल्याच्या छत्राखाली येतात. त्यामुळे 'पुण्याचं कॉलेज हवं, राहुरी नको' असं म्हणणाऱ्याला विद्यापीठ तेच मिळतं, फक्त गाव बदलतं.

बीएस्सी ॲग्री चारही ठिकाणी आहे, कृषी अभियांत्रिकीही चारही ठिकाणी आहे. बाकीच्या शाखा विखुरलेल्या आहेत. सरकारी अन्नतंत्र महाविद्यालय परभणीला, जैवतंत्रज्ञानाचं लातूरला (तेही परभणीच्याच अखत्यारीत), वनशास्त्र दापोलीला, मत्स्यशास्त्र रत्नागिरीजवळ शिरगावला. दुग्धतंत्रज्ञान मात्र या चौघांकडे शोधू नका. ते नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे, पुसदजवळच्या वरूडला आणि उदगीरला. पशुवैद्यकाची पदवीही त्यांचीच, आणि तिला 'नीट' ही परीक्षा लागते. दरवर्षी कुणीतरी फक्त सीईटी देऊन 'व्हेटरनरीचा फॉर्म कुठे भरायचा' असं विचारत येतं. तेव्हा वेळ गेलेली असते.

विद्यापीठाची माती आणि पिकं हाही निवडीचा भाग आहे, हे मला फार उशिरा कळलं. दापोलीत आंबा, काजू आणि भात हाताखाली असतात. हापूस आणि नीलमच्या संकरातून आलेला 'रत्ना' याच विद्यापीठाचा. परभणीला सोयाबीन, ज्वारी आणि कापूस. अकोल्याला कापूस आणि संत्रं. राहुरीला ऊस आणि डाळिंब. पुढे एमएस्सीला संशोधनाचा विषय घ्यायची वेळ येते तेव्हा मार्गदर्शक त्याच पिकांवर काम करणारे असतात.

२. पदवीचं नाव राहू द्या, तिथला मंगळवार बघा

या लेखातला हा सगळ्यात मोठा टप्पा आहे, आणि मुद्दाम मोठा ठेवलाय.

आपण शाखा निवडतो ती नावावरून. बायोटेक म्हणजे भारी, ॲग्री म्हणजे एमपीएससी, फूड टेक म्हणजे कंपनी. पण चार वर्षं तुम्ही नावात राहत नाही. मंगळवारी सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला तुमच्या हातात काय असतं, त्यात राहता. मी तुम्हाला तीन मंगळवार दाखवते.

पहिला भावाचा, बीएस्सी ॲग्री. कीटकशास्त्राच्या विषयाला कीटकसंग्रह करून द्यावा लागतो. तो जाळी आणि बाटली घेऊन बांधाबांधाने हिंडायचा. टाचणी मारायचाही नियम असतो. भुंग्याला ती उजव्या पंखकवचातून जाते, मधोमध नाही. फुलपाखराला छातीतून, आणि मग पंख ताणून पट्टीवर वाळत ठेवायचे. खाली चिठ्ठी : कुठे सापडला, कधी, कुणी पकडला. साठ-सत्तर कीटक झाले. एका रात्री पेटीच्या कोपऱ्यात डांबरगोळी ठेवायची राहिली आणि मुंग्यांनी दोन फुलपाखरं फस्त केली. सकाळी टाचणीला नुसते पंखाचे तुकडे. तो वैतागला, पण लगेच पुन्हा जाळी घेऊन बाहेर पडला. उन्हात फिरायला आणि चिखलात उतरायला ज्याचं मन घेतं, ही शाखा त्याची. तुमचं घेत नसेल तर ॲग्रीत चार वर्षं फार लांब वाटतात.

दुसरा माझ्या रूममेटच्या मैत्रिणीचा. ती बी.टेक. बायोटेक्नॉलॉजीला होती, सुट्टीत आमच्या खोलीवर यायची आणि टिश्यू कल्चरच्या गोष्टी सांगायची. केळीच्या कोंबाचा इवलासा तुकडा काचेच्या बाटलीत वाढवायचा. त्याचं खाद्य म्हणजे एमएस माध्यम, मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ साली मांडलेलं. त्याचा सामू (पीएच) ५.८ वर आणायचा, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक करायचं, मग लॅमिनारच्या, म्हणजे गाळलेली हवा सोडणाऱ्या पेटीच्या, वाऱ्यासमोर बसून चिमटा ज्योतीवर धरत एकेक तुकडा आत सोडायचा. उघड्या बाटलीवर हात नेला किंवा बोललात तरी भरवसा नाही. तिने पहिल्यांदा २४ बाटल्या लावल्या. चौथ्या दिवशी १७ बाटल्यांत पांढरा कापूस उगवला होता. बुरशी. पुन्हा माध्यम, पुन्हा ऑटोक्लेव्ह, पुन्हा २४. बायोटेकमध्ये हुशारीइतकाच हा चिवटपणा लागतो. 'जनुकं बदलून नवं वाण काढणार' हे डोक्यात घेऊन आलेल्यांना हे बाटल्या धुण्याचं वर्ष फार जड जातं.

तिसरा माझा. फळप्रक्रियेच्या प्रॅक्टिकलला पपईचा जाम. जाममध्ये विद्राव्य घटक किमान ६५ टक्के हवेत असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, म्हणून रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स, म्हणजे हीच टक्केवारी, बघत बघत शिजवायचं. मी कढईतला रटरटता थेंब तसाच काचेवर टाकला, आकडा कमी दिसला, म्हणून अजून शिजवत राहिले. थेंब गार करून मोजायचा असतो हे जाम तळाला लागल्यावर समजलं. सरांनी कढई बघितली आणि म्हणाले, "आता याची वडी पाड." फूड टेकमध्ये असे स्वयंपाकघरासारखे तास असतातच, पण त्याहून जास्त वेळ उष्णतेचं वहन, पंप, बॉयलर, रेफ्रिजरेशन यांत जातो. हा अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम आहे. 'मला केक-बिस्किटं करायला आवडतात' म्हणून आलेल्या माझ्या दोन मैत्रिणी पहिल्या वर्षाच्या गणितातच अडकल्या.

तर काय करायचं? जवळच्या कॉलेजात एक दिवस जा. ऑफिसात नाही, प्रॅक्टिकल चालू असलेल्या प्रयोगशाळेत किंवा प्रक्षेत्रावर, म्हणजे कॉलेजच्या शेतावर. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एवढंच विचारा : "काल दिवसभर काय केलं?"

आणि एक सापळा, ज्यात बरीच मुलं पडतात. पारंपरिक विद्यापीठाची तीन वर्षांची बीएस्सी बायोटेक आणि कृषी विद्यापीठाची चार वर्षांची बी.टेक. बायोटेक या दोन वेगळ्या पदव्या आहेत. बीएस्सी फूड सायन्स आणि बी.टेक. फूड टेक्नॉलॉजी यांचंही तसंच. वाईट कोणतीच नाही, पण नोकरीच्या जाहिरातीतली पात्रतेची ओळ वेगवेगळी असते. बँकांमधल्या कृषी क्षेत्र अधिकारी पदासाठी आयबीपीएस ही बँकभरतीची संस्था कृषी व संलग्न विषयांची चार वर्षांची पदवी मागते. महाराष्ट्र कृषी सेवेची परीक्षा एमपीएससी घेते, तिथेही पदवीचं नाव बघितलं जातं. अन्नसुरक्षा अधिकारी व्हायचं तर फूड टेक, दुग्धतंत्रज्ञान, बायोटेक, कृषी असे बरेच रस्ते उघडे आहेत. ज्या पदाकडे तुमचं लक्ष आहे त्याची मागच्या दोन वर्षांची जाहिरात काढा आणि फक्त शैक्षणिक पात्रतेचा परिच्छेद वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि फारसं कुणी करत नाही.

३. गणित सोडण्यापूर्वी आणि सीईटीच्या आधी

हा टप्पा छोटा आहे, कारण सीईटीच्या अभ्यासावर सांगायला क्लासवाले आहेतच.

अकरावीत असाल आणि ठरत नसेल, तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. कृषी अभियांत्रिकीला गणित लागतं, आणि फूड टेकला गणित न घेता जायचा विचारही करू नका. एमएचटी-सीईटीचे पीसीएम आणि पीसीबी हे दोन गट वेगळे असतात. चारही विषय असणाऱ्याला दोन्ही देता येतात. पेपर २०० गुणांचा, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, त्यामुळे अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका.

निकालात येतं ते पर्सेंटाइल. ८५ पर्सेंटाइल म्हणजे ८५ टक्के गुण नव्हेत. तुमच्या मागे किती जण राहिले त्याचा तो आकडा. आमच्या शेजारच्या काकूंनी यावरून पेढे वाटले होते.

सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेचाही फॉर्म भरून ठेवा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएआरच्या, देशपातळीवरच्या कोट्यातल्या जागा त्यातून भरतात. पंतनगर, लुधियाना, कोइमतूर अशी विद्यापीठं त्यामुळे आवाक्यात येतात. हरियाणातल्या कुंडलीच्या निफ्टेमला फूड टेकसाठी जायचं असेल तर जेईई मेन द्यावी लागते.

४. कागद गोळा करा, तेही निकालाआधी

निकाल लागल्यावर तहसीलच्या दारात जी रांग लागते तिच्यात उभं राहायचं नसेल, तर बारावीची परीक्षा संपली की लगेच या कामाला लागा.

सगळ्यांना लागणारे कागद :
- दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, दहावीचं प्रमाणपत्र
- सीईटीचं गुणपत्रक आणि प्रवेशपत्र
- शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला
- वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र
- आधार कार्ड, आणि आधारशी जोडलेलं स्वतःच्या नावाचं बँक खातं
- पासपोर्ट आकाराचे फोटो (दहा काढा, आठ संपतात)
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र

ज्याला जे लागू असेल ते :
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- नॉन-क्रिमीलेयर
- ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र
- उत्पन्नाचा दाखला
- सातबारा, आठ-अ आणि शेतकरी असल्याचा दाखला, किंवा भूमिहीन शेतमजुराचा दाखला
- प्रकल्पग्रस्त, माजी सैनिक, दिव्यांग यांपैकी जे असेल ते

यात तीन ठिकाणी माणूस हमखास अडकतो.

पहिलं, सातबारा. शेतकऱ्याच्या मुलांना कृषीच्या प्रवेशात जादा वेटेज (गुणांत भर) मिळतं, पण जमीन कागदावर तुमच्या घरची दिसली पाहिजे. आमचा सातबारा आजोबांच्या नावावर होता. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली होती. वडील आणि दोन्ही काका एकाच रानात राबत होते, भांडण नव्हतं, म्हणून वारसनोंद करायची गरज कुणालाच वाटली नव्हती. मी सातबारा घेऊन गेले तर समोरच्या बाईंनी विचारलं, "यात तुझ्या वडिलांचं नाव कुठंय?" वारसाचा फेरफार टाकला की हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात, मग नवा सातबारा. माझी कागद द्यायची मुदत तोवर टळली आणि वेटेज गेलं. ज्या घरात अजून आजोबा-पणजोबांचं नाव चालू आहे त्यांनी हा परिच्छेद वाचून झाल्यावर लगेच तलाठ्याला फोन करावा. डिजिटल सहीचा सातबारा मग शासनाच्या महाभूमी पोर्टलवरून घरबसल्या निघतो, पण नावच नसेल तर डिजिटल सही काय कामाची?

दुसरं, मुदती. नॉन-क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते. बारावीत असताना काढलेलं प्रमाणपत्र जूनमध्ये बाद ठरू शकतं. तारीख आजच बघा. जात वैधतेचा अर्ज तर अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करायचा असतो. समितीकडे प्रकरण गेलं की दोन महिने लागतात की आठ, हे आपल्या हातात नाही. अर्ज केल्याची पावती जपून ठेवा.

तिसरं, नावं. गुणपत्रिकेवर आईचं नाव 'सुमन', आधारवर 'सुमनबाई'. आडनावात एका ठिकाणी 'डबल ए', दुसरीकडे एकच. कागद तपासणाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात. आधार दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं, म्हणून गुणपत्रिकेप्रमाणे आधार करून घ्या, उलटं नको.

स्कॅन स्वतः करा किंवा समोर बसून करून घ्या. कॅफेवाल्याने माझ्या अधिवासाचा फोटो तिरका काढला होता आणि खालचा शिक्काच कापला गेला. अर्ज त्रुटीत गेला. त्रुटीचा मेसेज आला तो कॅफेवाल्याच्याच मोबाइलवर, कारण फॉर्मवर नंबर त्याने स्वतःचा टाकला होता! मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच हवा, आणि पासवर्ड वहीत लिहिलेला हवा.

५. पसंतिक्रम भरताना

प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीभूत फेऱ्यांतून होतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका डाउनलोड करून वाचा. मागच्या वर्षीची चालत नाही, वेटेजपासून फेऱ्यांपर्यंत नियम बदलत राहतात. कंटाळवाणी आहे, पण सगळ्या भांडणांची उत्तरं तिच्यातच असतात.

यादी लावायची ती आवडीच्या उतरत्या क्रमाने, 'मला काय लागेल' या अंदाजाने नाही. वरच्या पर्यायाला नंबर लागला नाही म्हणून खालच्या पर्यायातली तुमची जागा कमी होत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी गुणवत्ता क्रमांकच बघतात. मी उलटं केलं होतं. फूड टेक लागणारच नाही असं दादा म्हणाला म्हणून ते सातव्या नंबरला टाकलं आणि वरच्या नंबरांना ॲग्री. पहिल्याच पसंतीची जागा मिळाली की ती साधारणपणे पक्की धरली जाते. माझी दुसरी पसंती लागली होती म्हणून पुढच्या फेरीत यादी बदलून सुटले, पहिली लागली असती तर अडकले असते.

जिथे तुम्ही मेलात तरी जाणार नाही ते कॉलेज यादीत घालू नका. लागलं तर काय कराल?

घटक महाविद्यालय म्हणजे विद्यापीठाचं स्वतःचं, संलग्न म्हणजे संस्थेचं. दोघांची पदवी विद्यापीठाचीच, पण फीमध्ये आणि प्रक्षेत्रात फार फरक असतो. खासगी कॉलेज बघायला गेलात तर इमारत बघू नका. शेत किती एकर आहे, विहिरीला पाणी आहे का, पॉलिहाऊसमध्ये काही लावलंय का की फक्त फाटका कागद फडफडतोय, ते बघा. आयसीएआरची अधिस्वीकृती आहे का ते विचारा, पुढे एमएस्सीला बाहेर जाताना तिचा उपयोग होतो. फेरीच्या दिवसांत फोन येतात : "हजेरीचं बघू नका, घरी बसून पदवी." मला असा फोन आला होता, बोलणारा फार गोड होता. ज्या शिक्षणात इतके मार्क प्रॅक्टिकलवर अवलंबून आहेत तिथे घरी बसून काय मिळणार, हा प्रश्न त्याला विचारला तर फोन कट झाला.

६. फी, शिष्यवृत्ती, वसतिगृह

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर अर्ज करायचा, प्रवेश झाल्यावर लगेच, आणि दरवर्षी नूतनीकरण. दुसऱ्या वर्षी विसरणारे खूप. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, यांतली तुम्हाला कोणती लागू आहे ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारा.

मुलींसाठी : २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. कृषीही त्यात आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नाही. वसतिगृह आणि खानावळ यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात, ते हिशेबात धरा.

आयसीएआरच्या कोट्यातून दुसऱ्या राज्यात गेलात तर नॅशनल टॅलेंट स्कॉलरशिप मिळते, दर महिन्याला. भाषेच्या भीतीने ती सोडू नका.

७. पहिलं सेमिस्टर

पहिल्या दिवशी वेळापत्रकात विषयासमोर ३ (२+१) असं काहीतरी दिसेल. तीन क्रेडिटचा विषय, त्यातले दोन थिअरीचे, एक प्रॅक्टिकलचं. आठवड्याला थिअरीचे दोन तास आणि एक दोन तासांचं प्रॅक्टिकल. शेवटी सगळ्याची मिळून दहापैकी ओजीपीए, म्हणजे एकूण सरासरी, निघते. ती पहिल्या सेमिस्टरपासून मोजली जाते, आणि पहिल्या सेमिस्टरला पडलेला खड्डा शेवटपर्यंत भरत बसावं लागतं. एमएस्सीचा प्रवेश, कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या, सगळे तोच आकडा विचारतात.

शिकवणं आणि पेपर इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्यांची पहिले दोन महिने तारांबळ उडते. माझी उडाली. त्यातही एक गंमत आहे. तणांच्या प्रॅक्टिकलला सर रोप उचलून नाव विचारतात, तेव्हा शहरातली मुलं गप्प असतात आणि गावाकडची पटकन म्हणतात : हरळी, लव्हाळा, गाजरगवत. रोप ओळखता येतं, फक्त त्याचं कागदावरचं नाव शिकायचं असतं : सायनोडॉन डॅक्टिलॉन, सायपरस रोटुंडस, पार्थेनियम हिस्टेरोफोरस. भावाने एका वहीत डाव्या बाजूला आजीची नावं आणि उजव्या बाजूला लॅटिन नावं लिहून काढली. त्या वहीच्या झेरॉक्स पुढे अख्ख्या वर्गात फिरल्या.

बरोबर न्यायच्या वस्तू थोड्याच : पांढरा सुती ॲप्रन, सायंटिफिक कॅल्क्युलेटर, दहा पट मोठं दाखवणारं हातभिंग, टोपी, चिखलात घालायचे जुने बूट, आणि खिशात मावेल अशी वही. प्रॅक्टिकलचं रेकॉर्ड त्या त्या आठवड्यात पूर्ण करून सही घ्या. सेमिस्टरच्या शेवटी बारा सह्यांसाठी मॅडमच्या केबिनबाहेर उभं राहण्यात जो अपमान आहे तो मी सोसलेला आहे.

सीनियरच्या नोट्स घ्या, पण आधी अभ्यासक्रम जुळवून बघा. २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलला आहे, बरेच विषय इकडचे तिकडे झालेत. नव्या रचनेत पहिल्या वर्षानंतर ठरावीक इंटर्नशिप करून प्रमाणपत्रावर आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविकेवर बाहेर पडता येतं. घरी अचानक अडचण आली तर ही सोय माहीत असलेली बरी.

८. रावे

ॲग्रीच्या मुलांना शेवटच्या वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो, सगळे त्याला रावे म्हणतात. गावात राहायचं, एका शेतकऱ्याशी जोडून घ्यायचं, प्रात्यक्षिकं दाखवायची. गावात मुलांना कृषीदूत म्हणतात आणि मुलींना कृषीकन्या, आणि वर्तमानपत्रात बातमीही येते. आम्हा फूड टेकवाल्यांना त्याऐवजी कारखान्यात प्रशिक्षण असतं, बायोटेकवाल्यांना प्रयोगशाळेत किंवा उद्योगात.

रावेला जाताना दोन-तीन प्रात्यक्षिकं हातात बसलेली असू द्या. बीजप्रक्रिया, माती नमुना घेणं आणि बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक) ही सगळ्यांत जास्त विचारली जातात. भावाचा गट पहिल्याच दिवशी बोर्डोला फसला. एक टक्क्यासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, हे पाठ होतं. पण चुना जुना, हवा लागलेला निघाला. वीस-पंचवीस शेतकरी गोल करून उभे. एका आजोबांनी कमरेचा विळा काढला, मिश्रणात बुडवला, मिनिटभराने वर काढला. पात्यावर तांबूस थर. "चुना कमी पडलाय, पोरांनो. अजून घाला." बरोबर होतं. मोकळं तांबं लोखंडावर बसतं, म्हणजे मिश्रण अजून आम्लच आहे आणि फवारलं तर पानं करपतील. पुस्तकात हीच परीक्षा लोखंडी खिळ्याने करा असं दिलेलं आहे, आणि भाऊ ते पेपरात लिहूनही आलेला होता.

तेव्हा रावेच्या पिशवीत ताजा कळीचा चुना, लिटमस कागद आणि एक जुना विळा टाका. आणि जोडीदार शेतकऱ्याच्या घरी पहिल्या दिवशी वही-पेन बाहेर काढू नका, आधी चहा घ्या.